गाडी वळवली नाहीत, हे बरोबरच केलंत

वाचकाचं पत्र

"रात्री अकराच्या सुमाराला दोन पदरी रस्त्यावरून मी गाडी चालवत होते. दोन्ही बाजूंना झाडी, वेग 80च्या आसपास. समोरून गाड्या येत होत्या म्हणून लाइट डिप्परवर होते. डावीकडून एकदम रानडुक्कर आलं. डोळे चमकले असते तर आधी कळलं असतं, पण काहीच दिसलं नाही. मी करकचून ब्रेक दाबला, स्टिअरिंग सरळ धरलं. डुक्कर गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळलं, पडलं, उठलं आणि झाडीत गेलं. मोबाइलचा टॉर्च लावून मी थोडं आत जाऊन पाहिलं, सापडलं नाही. बंपरला तडा गेला होता, डावा दिवा फुटला होता. गाडी सुरू झाली म्हणून निघालो. दहा-बारा किलोमीटरनंतर तापमानाचा काटा चढला, पण घर जवळ आलं होतं म्हणून तशीच रेटली. दुसऱ्या दिवशी कूलंटच्या टाकीत पाणी भरलं, तेव्हापासून काटा ठीक आहे आणि गाडी रोज वापरते आहे. भाऊ म्हणतो, थोडी वळवली असतीस तर जनावरही वाचलं असतं आणि गाडीही. शिवाय म्हणतो, कुणाला कळवू नकोस, नसती चौकशी मागे लागेल. मुलगी सारखी विचारते, ते मेलं का? माझं नेमकं चुकलं कुठे?"

उत्तर

ताई, तुमची रुखरुख चुकीच्या जागी आहे. डुक्कर दिसल्यापासून आदळेपर्यंतच्या वेळात ब्रेक दाबणं आणि स्टिअरिंग सरळ धरणं एवढंच करण्यासारखं होतं, आणि ते तुम्ही केलंत. चुकलं ते त्याच्या आधी आणि नंतर. वेग डिप्परच्या उजेडाला झेपणारा नव्हता. जखमी डुकरामागे तुम्ही झाडीत शिरलात. काटा चढूनही गाडी थांबवली नाहीत आणि घडलेलं कुणाला कळवलं नाहीत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी अजून निस्तरता येतील, म्हणून आधी त्याच घेऊ.

गाडी आजपासून वापरू नका. बंपरच्या जाळीमागे साधारणपणे आधी एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर आणि मग पंखा असतो. हरणासारखं लांब पायांचं जनावर बॉनेटवर चढतं. डुक्कर बुटकं आणि भरीव, ते नेमकं रेडिएटरच्या उंचीला बसतं. प्लास्टिकचा बंपर आत दबतो आणि पुन्हा बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून नुसता तडा दिसतो. आतला फोम चुरलेला, त्यामागचा आडवा धातूचा बीम वाकलेला आणि रेडिएटरच्या कडेची प्लास्टिकची टाकी किंवा खालचा होज (रबरी नळी) फुटलेला असू शकतो. दहा-बारा किलोमीटरनंतर काटा चढला, म्हणजे गळती बारीक आहे. एकदम मोठं भोक पडलं असतं तर दोन-तीन किलोमीटरमध्येच समजलं असतं. बारीक गळतीवर पाणी भरलं की चार-सहा दिवस काहीच कळत नाही, आणि मग एखाद्या चढावर सगळं एकदम अंगावर येतं.

काट्यावर फार भरवसा ठेवू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बरंच वरखाली झालं तरी काटा मध्यावरच राहतो. तो हलायला लागतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. दुसरं, तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. कूलंट त्याच्याही खाली उतरलं की तो वाफेत लटकतो आणि काटा चक्क खाली येतो. चालवणाऱ्याला वाटतं, झालं थंड. आत मात्र इंजिन भाजत असतं.

तापलेली गाडी रेटल्यावर भीती असते ती हेड गॅस्केटची. अॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड जास्त तापलं की किंचित वाकतं आणि इंजिनाचा ब्लॉक व हेड यांच्यामधली फट बंद करणारं गॅस्केट जागा सोडतं. त्याच्या खुणा अशा: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, इंजिन पुरतं गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, आणि खाली थेंबही न पडता कमी होत जाणारं कूलंट. गॅरेजमध्ये "बंपर बदला" एवढंच सांगितलंत तर बंपरच बदलून मिळेल. कूलिंगची प्रेशर टेस्ट करा, असं स्पष्ट सांगा. इंजिन थंड असताना हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका, बहुधा 1 बारच्या आसपास, दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं तो टिकतो का ते पाहतात. गॅस्केटची शंका असेल तर कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची नळी धरून तपासतात. इंजिनातला जळका वायू त्यात आला की निळ्याचं पिवळं होतं. तुम्ही भरलेलं साधं पाणीही काढून टाकायला सांगा. नुसत्या पाण्याचा उकळबिंदू कूलंटपेक्षा कमी असतो आणि त्याने आतून गंज चढतो. गाडीच्या पुस्तकात दिलेलंच कूलंट, दिलेल्या प्रमाणात. बहुतेक गाड्यांना ते पाण्यात निम्मं-निम्मं चालतं.

पुढच्या वेळी काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. इंजिनातली थोडी उष्णता गाडीच्या आत येईल आणि सुरक्षित जागी गाडी बाजूला घेण्यापुरता वेळ मिळेल. बाजूला घेण्यापुरताच, घरी पोचण्यापुरता नाही. मग इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे 100 अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबूनही वरचा होज हाताला कडक आणि गरम लागला तर अजून थांबा, आणि पुढे गाडी टोइंगनेच न्या.

गॅरेजमध्ये याशिवाय काही गोष्टी डोळ्यांसमोर तपासून घ्या. बॉनेटचं लॅच सगळ्यात महत्त्वाचं. बॉनेटला एक मुख्य पकड आणि एक सुरक्षेची दुसरी पकड असते. समोरच्या धडकेत पट्टी वाकली की मुख्य पकड अर्धवट बसते, आणि वेगात बॉनेट उघडून काचेवर आदळतं. डाव्या चाकाच्या वरचं प्लास्टिकचं अस्तर सुटून टायरला घासतंय का, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायला लावा. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर टायर बदलावाच लागतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकाला जोडलेले दांडे, म्हणजे टाय रॉड आणि लोअर आर्म, आधी, व्हील अलाइनमेंट नंतर. वाकलेल्या भागावर अलाइनमेंट करून उपयोग नसतो. नवा दिवा बसवला की त्याचा झोत भिंतीवर टाकून उजव्या दिव्याशी जुळवून घ्या. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर तिचा रडार बहुधा जाळीमागे किंवा बंपरमागे असतो. तो थोडा जरी तिरका झाला तरी भलत्या जागी बघत राहतो, म्हणून त्याचं कॅलिब्रेशन (रोख पुन्हा जुळवणं) आवर्जून करून घ्या. एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर त्या दिव्याकडे काणाडोळा नको. गाडी विजेवर चालणारी असती आणि जनावर खालून गेलं असतं, तर बॅटरीच्या कवचाला खरवड आहे का ते पाहिल्याशिवाय ती घराला लागून उभी करू नका, असंही सांगितलं असतं.

आता कळवण्याचं. भावाचा सल्ला ऐकू नका. अनेक देशांत वन्यप्राण्याला गाडी धडकली तर कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये तर रानडुक्कर, हरीण, मूस (उत्तरेकडचं उंच, प्रचंड हरीण) अशा ठराविक प्राण्यांना धडक बसली की पोलिसांना कळवायचं आणि जागेवर खूण करून ठेवायची, हे चालकाचं कर्तव्य आहे. जनावर पळून गेलं असलं तरी. तुमच्याकडचा नियम तुमच्या भागातल्या वनखात्याकडून कळेल. पण नियम काहीही असला, तरी आपणहून सांगितलेला अपघात आणि दडवलेला अपघात यांच्याकडे कुणीही सारख्या नजरेने बघत नाही. दिवस उलटले म्हणून काय सांगायचं, असंही मनात आणू नका. तुमची धडक अपघात होती, तसंच सांगायचं.

फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या: रस्त्याचं नाव, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पूल, मोबाइलच्या नकाशावरची जागा, तारीख आणि वेळ, तुम्ही कुठल्या दिशेने जात होता, डुक्कर कुठल्या बाजूला शिरलं, एकटं होतं की मागे आणखी होती, अंदाजे आकार, लंगडत होतं का. "अमुक गावाच्या पुढे कुठेतरी" एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. जखमी जनावराचा माग काढणाऱ्या माणसांना सगळ्यात उपयोगी पडते ती झाडीत शिरल्याची नेमकी जागा. म्हणून पुढे कधी असं झालं तर रस्त्याच्या कडेवरूनच, आत न जाता, एखाद्या फांदीला फडकं बांधून ठेवा. रस्त्यावरचे केस आणि रक्त पुसू नका, त्यांचे फोटो काढा.

या कळवण्याचा उपयोग त्या एका डुकरापुरता नाही. रस्त्याजवळ मेलेलं जनावर खायला कोल्हे, तरस, घुबडं येतात आणि तीही गाड्यांखाली सापडतात. आणि एकाच टप्प्यावर पुन्हापुन्हा धडका होतात, हे नोंदींवरूनच दिसतं. कुंपण आणि भुयारी वाट कुठे करायची ते त्यावर ठरतं. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल आणि भुयारं केल्यावर वन्यप्राण्यांशी होणाऱ्या धडका 80 टक्क्यांहून अधिक घटल्या. असे पूल मनाला येईल तिथे बांधून चालत नाही.

झाडीत शिरलात ते मात्र फार धोक्याचं होतं. जखमी रानडुक्कर अनेकदा फार लांब जात नाही, दाट झुडपात बसून राहतं आणि कुणी जवळ आलं की सरळ अंगावर येतं. त्याचे सुळे माणसाच्या मांडीच्या उंचीला लागतात, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर मदत येईपर्यंत माणूस टिकेलच असं नाही. निपचित पडलेल्या जनावराचंही तेच. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेलं हरीण दहा मिनिटांनी उठून लाथा झाडू लागतं. असं जनावर दयेपोटी मागच्या सीटवर घेतलं तर पुढचा अपघात गाडीच्या आत होतो. त्याला पाणी पाजू नका, कुरवाळू नका, "सोडवायला" म्हणून मारूही नका. हेडलाइट त्याच्यावर रोखून ठेवू नका, लोकांना गोळा होऊ देऊ नका आणि त्याची पळायची वाट अडेल असे उभे राहू नका. जवळपास पिल्लू किंवा बछडा दिसला तर गाडीतून उतरूच नका. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल तर 15 मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजच्या बाबतीत "बघू उद्या" चालत नाही. मेलेल्या जनावराचं मांस किंवा शिंगं घरी आणणं अनेक ठिकाणी गुन्हा आहे, आणि रानडुकराच्या मांसातून जंतांचा आणि काविळीचा संसर्गही होतो.

मुलीला काय सांगायचं? पळून गेलं म्हणजे वाचलंच असं नाही आणि मेलंच असंही नाही. पोटात मार बसलेलं जनावरही भीतीच्या जोरावर बरंच अंतर धावतं, आणि बरगडी मोडलेलं डुक्कर कधीकधी महिन्याभरात बरंही होतं. तिला हेच सांगा. जमलं तर तिच्यासमोरच फोन करा.

विम्याबद्दल थोडक्यात. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर जनावराची धडक त्यात बहुतेक वेळा येते. नुसती तृतीय पक्षाची असेल तर स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. आधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने गाडी बघितल्यानंतरच दुरुस्ती सुरू करा. तोवर गाडी धुऊ नका, जाळीत अडकलेले केस हाच तुमचा पुरावा आहे. दुसऱ्या दिवशी पाणी भरून गाडी चालवली, हेही लपवू नका. धडकेत झालेलं नुकसान आणि नंतर तापवल्यामुळे झालेलं नुकसान कंपनी वेगळं धरते, आणि इंजिन उघडलं की दोन्ही दिसतातच.

आता भावाचं म्हणणं. "थोडी वळवायची" हे घरात खुर्चीवर बसून सोपं वाटतं. टायरची रस्त्यावरची पकड ठराविक असते. तीच ब्रेकला वापरायची आणि तीच वळायला. पूर्ण ब्रेक दाबलेला असताना झटका देऊन वळवलंत तर गाडी धड थांबत नाही आणि धड वळतही नाही. उजवीकडे गेला असतात तर समोरची गाडी होती. डावीकडे गेला असतात तर डावी चाकं डांबराखाली साइडपट्टीच्या मातीत उतरली असती, उजवी डांबरावर राहिली असती आणि दोन्हीकडची पकड वेगळी झाली असती. बहुतेक गाड्या पहिल्या वळणावर उलटत नाहीत. घाबरून परत रस्त्यावर ओढताना उलटतात. आणि जनावर एका रेषेत पळत नाही, अर्ध्यावरून मागे फिरतं. तुम्ही जिकडे वळाल तिकडेच ते असू शकतं. ऐंशीच्या वेगात सेकंदाला 22 मीटर जातात, त्यात त्याचा अंदाज बांधायला वेळ कुठला? म्हणून: पाय पूर्ण दाबून ब्रेक, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, हॉर्न दाबलेला. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पायाखाली पेडल थरथरतं आणि घरघर होते. ती यंत्रणा चालू असल्याची खूण आहे, पाय उचलायचा नाही. धडकेच्या आधी ब्रेक सोडला की गाडीचं नाक वर येतं आणि जनावर बॉनेटवर येत नाही, असंही सांगितलं जातं. पण तो क्षण अचूक साधणं साध्या चालकाच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्या नादात वेगच उरतो.

अपवाद उंच प्राण्यांचा. उंट, मूस, हत्ती यांचं धड बॉनेटच्या वर असतं. गाडी पायांना धडकते आणि शेकडो किलोंचं अंग काच फोडून पुढच्या सीटवर येतं. तिथे धडक टाळण्यासाठी जोखीम घ्यावी लागते: जोरात ब्रेक, आणि धडक अटळच दिसली तर जनावराच्या मागच्या बाजूचा रोख धरायचा, कारण ते पुढे सरकत असतं, शेवटच्या क्षणी मान खाली घालायची. उलट, ससा किंवा उदमांजर आडवं आलं आणि मागे ट्रक चिकटलेला असेल, तर करकचून ब्रेकसुद्धा नको. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि सरळ जायचं. दुचाकीवाल्याचं गणित आणखी वेगळं: गाडी आधी सरळ उभी, मग दोन्ही ब्रेक वाढत्या दाबाने, वाकलेल्या गाडीला कचकन पुढचा ब्रेक लावला की जनावराला लागायच्या आधीच तो पडतो.

राहिला वेग. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत रात्री दीड सेकंद धरा. ऐंशीच्या वेगात तेवढ्यात 33 मीटर जातात, आणि कोरड्या डांबरावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी 35. म्हणजे 68. रस्ता ओला असेल तर 95च्या आसपास. साध्या डिप्परचा उजेड गडद वस्तू दिसण्याइतका जेमतेम 50-60 मीटर पोचतो. अप्परचा पल्ला 100 मीटरच्या पुढे जातो. थोडक्यात, डिप्परवर ऐंशीने जाताना, अडथळा दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. साठच्या वेगात हेच अंतर 45 मीटर भरतं. साठने चाललेली गाडी जिथे पूर्ण थांबते, त्याच जागी ऐंशीने आलेली गाडी अजून 65च्या वेगात असते. वीसचा फरक तिथे पासष्टचा होतो, कारण सुरुवातीचे 33 मीटर ब्रेक लागलेलाच नसतो.

म्हणून झाडीतल्या रस्त्यावर समोर कुणी नसेल तर अप्पर, आणि समोरून गाडी आली की डिप्पर आणि वेग साठच्या खाली, हे दोन्ही एकत्रच. समोरची गाडी पार झाल्यानंतरचे दोन-तीन सेकंद सगळ्यात वाईट. डोळे दिपलेले असतात आणि गाडी तेवढ्यात 50-60 मीटर आंधळी जाते. समोरच्या दिव्यांकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिलं की हे कमी होतं. डॅशबोर्डचा उजेड मंद करा, काच आतून पुसा. आतल्या बाजूला साचलेला पातळ थर दिवसा दिसत नाही, रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुकं करतो.

आणि डोळे चमकले नाहीत, यात तुमचा दोष नाही. हरीण, बिबट्या, कोल्हा, मांजर यांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा पडदा असतो, म्हणून ते डोळे लांबून पेटल्यासारखे दिसतात. डुकराच्या डोळ्यात तो पडदाच नसतो. वर अंग काळपट, उंची कमी. रात्रीच्या रस्त्यावर इतकं उशिरा दिसणारं मोठं जनावर क्वचितच असेल. चमकणारे डोळेसुद्धा जनावराने तुमच्याकडे बघितलं तरच चमकतात. मान खाली घालून चरणारं किंवा पाठमोरं हरीण अंधारातच राहतं. तेव्हा डोळे शोधत बसण्यापेक्षा रस्त्याची कड बघा: गवत हलणं, पट्टी मध्येच तुटल्यासारखी दिसणं, समोरच्या गाडीच्या उजेडात काहीतरी आडवं होणं. पाण्याच्या जागा, मोऱ्या, शेत आणि जंगल यांची सीमा, कठड्यातली फट, या त्यांच्या येण्याच्या वाटा. संध्याकाळची आणि पहाटेची संधिवेळ जास्त वर्दळीची, पण डुकरं रात्रभर फिरतात.

एक आडवं गेलं की मागची आहेत असंच धरा. डुकरीण पुढे आणि पिल्लं रांगेने मागे, हरणांचंही तसंच. पहिलं गेल्याबरोबर वेग वाढवणाऱ्याला बहुतेक वेळा तिसरं किंवा चौथं लागतं. हरीण रस्त्यात थिजून उभं राहिलं तर ते तुमच्या दिव्यांनी आंधळं झालेलं असतं. अंधारासाठी उघडलेल्या डोळ्यांत एकदम झोत गेला की त्याला वाट दिसत नाही. अशा वेळी गाडी थांबवा, लाइट डिप्परवर घ्या, हॉर्न द्या आणि त्याला जाऊ द्या. कडेने निसटायचं नाही.

धडक झालीच तर क्रम असा ठेवा. चारही इंडिकेटर चालू, गाडी शक्य तितकी कडेला, हँडब्रेक, इंजिन बंद. आधी गाडीतल्या माणसांची विचारपूस. मान दुखत असेल तर त्यांना हलवू नका. जनावर जवळ पडलेलं असेल तर काचा वर करून आत बसा, नसेल तर रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जा. धोक्याची सूचना देणारा त्रिकोण मागे 50 मीटरवर, म्हणजे साधारण 65 पावलं, भरधाव रस्ता असेल तर 100 मीटरवर. जाताना तो उघडून स्वतःच्या पुढे धरा. मग फोन. मेलेलं जनावर रस्त्यातून ओढायला जाऊ नका. अंधारात वाकलेला माणूस मागून येणाऱ्याला डुकराइतकाच उशिरा दिसतो. निघण्याआधी गाडीखाली टॉर्च मारून बघा. रंगीत, चिकट, गोडसर वासाचा ओघळ असेल तर ते कूलंट, आणि गाडी तिथून हलवायची नाही. एसीचं पाणी रंगहीन आणि बिनवासाचं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. बॉनेट बंद आहे, टायरला काही घासत नाही आणि दोन्ही दिवे लागतात, एवढं जमलं तरच पुढे. एका दिव्यावर रात्रीचा प्रवास नको, समोरच्याला तुम्ही दुचाकी वाटता.

बंपरला लावायच्या शिट्ट्या मिळतात, वाऱ्याने वाजतात आणि जनावरं पळतात असं विकणारे सांगतात. प्रयोगांमध्ये त्यांचा परिणाम दिसलेला नाही. गॅरेजवाल्याने नव्या बंपरसोबत सुचवल्या तर नको म्हणा, आणि उजव्या दिव्याची पिवळी पडलेली काच घासून द्यायला सांगा.